कुलूप होतं का, जमादार?

एस्तेरबाई ठाण्याच्या फाटकातून आत शिरताना दिसल्या की आमची निम्मी माणसं संडासाकडं पळायची. संडासात पाणी नसायचं, त्या दुष्काळात पाणी कुठंच नसायचं, तरी पळायची. साठी उलटलेल्या, खांद्याएवढ्याही न भरणाऱ्या एका रिटायर नर्सबाईला भिऊन खाकीतले धडधाकट गडी त्या घाणीत नाक दाबून उभे राहिलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. मी पळायचो नाही. त्यात शौर्य काही नव्हतं. आवक-जावकचं टेबल माझ्याकडं होतं आणि ते सोडून उठायची सोय नव्हती.

महिन्याचा पहिला सोमवार, सकाळी अकरा. बाईंनी ही वेळ कधी चुकवली नाही. हातात पुरुषी काळी छत्री, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, काखेत कापडी पिशवी. पिशवीतून तीन वस्तू निघायच्या आणि त्याच क्रमानं निघायच्या. आधी पितळेचा फिरकीचा तांब्या, मग तपकिरीची डबी, मग अर्ज. तांब्या माझ्या टेबलावर ठेवून बाई चिमूटभर तपकीर ओढायच्या आणि अशी शिंकायच्या की कोठडीतले आरोपी उठून बसायचे. मग डोळे पुसून म्हणायच्या, “जमादार, पोच द्या.”

मी हेडकॉन्स्टेबल. पण आमच्याकडं निजामाच्या वेळेपासून आम्हाला जमादारच म्हणतात. मी न वाचता शिक्का मारायचो आणि सही करायचो. शिक्का मारला की सरकारी माणसाचं काम संपतं. समोरच्याचं तिथून सुरू होतं, पण ते बघायला आम्ही कुठं बसलेलो असतो?

पोच पिशवीत गेली तरी बाई हलायच्या नाहीत. टेबलावरची नोंदवही स्वतःकडं फिरवून वाचायला लागायच्या. असं करायला कायद्यानं परवानगी नाही, पण बाईंना कोण सांगणार! ‘वेडसर इसम’ असं कुठं दिसलं की पिशवीतून लाल पेन्सिल निघायची.

“इसमाला नाव नसतं का, जमादार?”

“आम्ही विचारतो, बाई. तो सांगत नाय.”

“म्हैस हरवली तर रंग लिहिता, शिंगं लिहिता, कानाला चिरा आहे का ते लिहिता. म्हैस सांगते का तुम्हाला?”

मी चहा मागवतो म्हणायचो. बाई म्हणायच्या, “तुमच्या चहाला पाणी कुठल्या टाकीतलं?” आणि पीत नसत.

बाई साध्वीबिध्वी अजिबात नव्हत्या. तोंड फाटकं. गाता येत नसताना चर्चच्या उपासनेत सगळ्यांच्या वर आवाज लावायच्या, म्हणून मंडळीतली तरणी पोरं त्यांच्या पुढच्या बाकावर बसायला राजी नसायची. कुणी आजारी पडलं की भेटायला जायच्या आणि आधी त्या घरातला माठ उघडून बघायच्या. पण एक गोष्ट मी उभ्या हयातीत दुसऱ्या कुणात पाहिली नाही. या बाईला घाई नव्हती. कसलीच. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, “घाई कुणाला आहे, त्याला की तुम्हाला?”

ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते टँकरच्या दिवशी. तेव्हा आपल्या शहराला औरंगाबाद म्हणायचो. शहर बायपास ओलांडून पलीकडच्या रानात घुसलं होतं. जिकडं बघावं तिकडं चार मजल्यांचे सांगाडे, वर कमान, कमानीवर इंद्रपुरी नाहीतर अमृतनगर असं नाव, आणि नळाला आठ आठ दिवस थेंब नाही. नाव अमृतनगर आणि बाया टँकरमागं हांडे घेऊन पळतायत! त्या वसाहतीच्या कडेला पत्र्याचं छप्पर असलेलं बाईंचं चर्च होतं आणि चर्चला लागून दोन खोल्यांत बाई एकट्या राहायच्या.

तर एके सकाळी वायरलेसवर निरोप आला, एक वेडा टँकरवर चढून बसलाय. आम्ही गेलो. तीसेक वर्षांचा गडी टँकरच्या झाकणावर मांडी घालून बसला होता. अंगात बंडी, डोक्याला पटका. ओरडत होता, “पाण्यात इख हाय! पिऊ नगा! समदी मरताल!” खाली दोनशे माणूस, हांडे, ड्रम, बादल्या, शिव्या. आठ दिवसांनी आलेला टँकर. लोक म्हणत होते, ओढा त्याला खाली. आमचे साहेब म्हणाले, लावा शिडी. दोन शिपाई काठ्या घेऊन शिडीकडं निघाले.

रांगेतून बाई पुढं आल्या. त्या पण हांडा घेऊन रांगेतच होत्या. चाकाजवळ चिखलात सरळ फतकल मारली आणि वर बघून विचारलं, “नाव काय रे तुझं?”

त्यानं खाली वाकून बघितलं. मग म्हणाला, “सोपान.”

“कुठला?”

“पाचोडकडचा. मेंढरं व्हती आमची.”

“आई आहे?”

“कामावर गेलीय. स्लॅबवर.”

बाईंनी टँकरची तोटी सोडली, तांब्या भरला आणि त्याच्या डोळ्यांदेखत घटाघटा रिकामा केला. “हे बघ, मी प्याले. आता बसू आपण. मी मेले तर झाकण उघडू देऊ नकोस. नाही मेले तर उघड.”

साहेब म्हणाले, “ओ बाई, इथं कुणाला वेळ हाय?” तेव्हा बाईंनी ते वाक्य टाकलं. आणि खरंच चाळीस मिनिटं सगळं गाव थांबलं. सोपान वरून बाईंच्या तोंडाकडं टक लावून बघत होता. बाई मधूनच तपकीर ओढून शिंकल्या तेव्हा तो घाबरून उभा राहिला. बाई म्हणाल्या, “ही तपकीर आहे रे बाबा, इख नाही.” लोक हसले. तोही हसला. झाकण उघडून स्वतः खाली उतरला आणि बाईंच्या हातून पाणी प्यायला.

इथं गोष्ट संपली असती तर मला हे लिहावं लागलं नसतं. सोपाननं तांब्या परत केला आणि आमच्यातल्या एकानं त्याच्या कानशिलात लगावली. कारण काही नाही. दोनशे माणसासमोर चाळीस मिनिटं ताटकळत उभं राहावं लागलं होतं ना, वर्दीचा मान राहायला नको? लोकांनी टाळ्या वाजवल्या. होय, टाळ्या. शिकली-सवरलेली, बँकेतून हप्त्यावर फ्लॅट घेतलेली माणसं. बाईंनी त्या शिपायाकडं बघितलं नाही. आमच्या सगळ्यांकडं एकेक करून बघितलं. मी नजर टाळली. ती सवय मला तिथून लागली.

पुढं बाई सोपानला आणि त्याच्या आईला, कौसाबाईला, घेऊन घाटीत, सरकारी दवाखान्यात गेल्या, गोळ्या सुरू केल्या. कौसाबाई कामावर जाताना सोपानला चर्चच्या आवारात सोडायची. तो झाडलोट करायचा, पत्र्याच्या सावलीत बसून दोरी वळायचा. बरा होता. त्याच महिन्यात बाईंनी मंडळीकडून ठराव करून घेतला आणि तो अर्ज माझ्या टेबलावर आला.

एकच पान. असा माणूस सापडला की पोलिसांनी काय करावं, एवढंच त्यात होतं. आधी पाणी द्या. मग नाव विचारा. बोलायचं ते एकानंच, बाकीच्यांनी मागं थांबायचं आणि काठ्या गाडीत ठेवायच्या. बांधू नका, कोंडू नका. आणि खाली दिलेल्या नंबरवर फोन करा, मंडळीतलं एक माणूस अर्ध्या तासात येईल, कुठल्याही दिवशी. त्यांनी आपसात पाळ्या लावून घेतल्या होत्या. सोमवारी शिंपीकाम करणारे एक गृहस्थ, मंगळवारी कुणी बालवाडीच्या बाई, असं. पैसा मागितला नव्हता, जागा मागितली नव्हती. आमच्या साहेबांनी त्या पानाखाली ‘याप्रमाणे करावे’ लिहून सही ठोकायची, बस्स.

साहेबांपर्यंत ते पान गेलंच नाही. ही करामत माझी.

आवकच्या वहीत ‘विषय’ असा एक रकाना असतो. मी कागदाच्या माथ्यावर क्रूस बघितला आणि रकान्यात लिहिलं, ‘धार्मिक’. आमच्याकडं धार्मिक कागद आला की तो थेट गोपनीयवाल्यांकडं जातो. मोर्चा, मिरवणूक, भोंगा, धर्मांतर, सगळं तिकडं. तर आजारी माणसाला मारू नका, पाणी पाजा, असं सांगणारा कागद मी गोपनीयकडं धाडून दिला आणि तिथून चौकशी निघाली ती मंडळीचीच!

साध्या कपड्यातला एक माणूस तीन रविवार चर्चमध्ये जाऊन बसला. पायात पोलिसी लाल बूट, त्यामुळं पहिल्याच दिवशी पोरासोरांना कळलं. बाईंनी त्याच्या हातात गीतांचं पुस्तक दिलं आणि उपासना झाल्यावर पाण्याचे कॅन उचलायला लावले. तोच मला हसत हसत सांगत होता. अहवालात त्यानं लिहिलं, ‘धर्मांतर आढळून आले नाही.’ पण कुठल्या घरचं कोण येतं, हे मात्र सगळं लिहून नेलं.

मंडळीची हवाच गेली. चर्चचे पाळकसाहेब गोरेमोरे होऊन म्हणाले म्हणे, “बाई, आपण थोडकी माणसं. प्रार्थना करू या, अर्ज नको.” बाई म्हणाल्या, “प्रार्थना मी घरी करते. इथं सही करा.” त्यांनी सही केली नाही. पुढच्या महिन्याच्या सोमवारी अर्जाखाली चाळीस सह्यांच्या जागी सात उरल्या होत्या. बाई तपकीर ओढून मला म्हणाल्या, “आमचे पाळक फार भला माणूस आहे हो, जमादार. या भल्या माणसांचं करायचं काय, तेच कळत नाही मला.”

त्या दिवशी मला माझी चूक कळली. वहीत दुरुस्ती करायला एक रेघ पुरली असती. पण खाडाखोड केली की शेजारी सही करावी लागते आणि साहेब विचारतात, का केली. कोण ऐकून घेणार? म्हणून मी पुढचा अर्जही धार्मिकमध्येच टाकला. त्याच्या पुढचाही. असे आठ अर्ज. लिहिताना आज माझी मलाच किळस येते. तेव्हा आली नव्हती. तेव्हा मी जेवत होतो, झोपत होतो, मुलीच्या स्थळांना पत्रिका दाखवत होतो.

मे महिना उजाडला. बाई आठवडाभर बहिणीकडं लासूर स्टेशनला गेल्या होत्या. चर्चच्या आवाराला पाळकसाहेबांनी टाळं लावलेलं. सोपानच्या गोळ्या चुकल्या की तो घ्यायचा थांबला, देव जाणे. त्यानं एका सोसायटीच्या टाकीवर चढून व्हॉल्व बंद केला. तेच त्याचं इख. लोकांनी त्याला फाटकाला बांधलं, मोबाईलवर शूटिंग केलं, पोरंबाळं जमवून दाखवलं आणि मग आम्हाला बोलावलं.

दुपारी बाराला गाडी ठाण्याच्या आवारात आली. साहेब मंत्र्यांच्या बंदोबस्ताला गेले होते. कोणतं कलम लावायचं, कुठं न्यायचं, सांगणारं कुणी नाही. सोपान मागं, हात दोरीनं बांधलेले. आवारात झाड म्हणून नव्हतं, नव्या इमारतीसाठी तोडली होती. ड्रायव्हर माझ्या टेबलाशी आला, किल्ली ठेवली, म्हणाला, “मागं कुलूप हाय. जेवून येतो. पाच मिन्टं.” त्याला तिथूनच बंदोबस्ताला बोलावलं. किल्ली मी आवकच्या वहीखाली सरकवली.

तो हाका मारत होता. “आये, पाणी.” मी ऐकलं. एकदा नाही. माझ्या टेबलाखाली माझी स्वतःची बाटली होती, घरून आणलेली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. ती संध्याकाळपर्यंत पुरवायची होती. मी महिनाअखेरचा तक्ता भरत होतो. मला वाटलं, साहेबांना विचारल्याशिवाय दार उघडलं आणि पळाला तर माझ्या गळ्यात. नंबर मला तोंडपाठ होता, आठ वेळा डोळ्यांखालून गेलेला. बाई गावाला होत्या, पण पाळीचं माणूस होतंच. त्या दिवशी शिंपीदादांची पाळी होती, दहा मिनिटांवर दुकान. मी फोन केला नाही.

अडीचच्या सुमारास आवाज थांबला. मी शेजारच्या शिपायाला म्हणालो, “निवला बघ.” हे शब्द माझे आहेत. दुसऱ्या कुणाचे नाहीत.

चार वाजता दार उघडलं तेव्हा पत्र्याला हात लावता येत नव्हता आणि सोपान गेला होता.

साहेबांनी रात्र पडायच्या आत सगळं बसवलं. जबाब माझ्या अक्षरात आहे, माझं अक्षर चांगलं म्हणून. ‘वाहन सावलीत उभे होते. वाहनास कुलूप नव्हते. सदर वेडसर इसमास वेळोवेळी पाणी देण्यात आले.’ खाली आम्हा पाच जणांच्या सह्या. एवढ्या सफाईनं लिहिलंय की कुणालाही खरं वाटावं, आणि वाटलंच.

कौसाबाई स्लॅबवरून तशीच आली, हाताला सिमेंट. शेजारी एस्तेरबाई, निरोप मिळताच लासूरहून पॅसेंजर धरून आलेल्या. कौसाबाईनं रडारड केली नाही. मला म्हणाली, “सायेब, त्यानं पाणी मागितलं व्हतं का?”

“दिलं होतं, मावशी,” मी म्हणालो.

एस्तेरबाई माझ्या तोंडाकडं बघत नव्हत्या. टेबलावरच्या माझ्या हाताकडं बघत होत्या. माझा हात वहीवर दाबून धरलेला होता. किल्ली मी परत तिथंच सरकवली होती.

पुढचा पहिला सोमवार आला तसा मी रजा टाकायच्या विचारात होतो. पण म्हटलं, आता कशाला येतात. अकराला छत्री फाटकात दिसली. तांब्या, तपकीर, शिंक, अर्ज. तोच अर्ज, तेच पान, वर फक्त सोपानचं नाव. मी शिक्का मारला. बाई पोच घडी घालत म्हणाल्या, “कुलूप होतं का, जमादार?”

“रेकॉर्डला नाही, बाई.”

“रेकॉर्डला कोण विचारतंय? तुम्हाला विचारते मी.”

मी शिक्क्याची शाई पुसत बसलो. त्या गेल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा. त्याच्या पुढं पुन्हा. आवाज चढवला नाही, शाप दिला नाही, देवाचं नाव घेतलं नाही. नुसतं विचारायच्या आणि मी उत्तर शोधेपर्यंत थांबायच्या, टँकरखाली थांबल्या होत्या तशा. उत्तर आलं नाही की छत्री उचलायच्या. असं दीड वर्ष. माझी बायको म्हणायची, पहिला सोमवार आला की तुम्हाला जेवण का जात नाही?

मग नवी इमारत झाली. ग्रॅनाईटची फरशी, काचेचं दार. पेपरात सोपानचं दोनदा छापून आलं होतं, म्हणून साहेबांच्या वरच्यांना काहीतरी करून दाखवायचं होतं. उद्घाटनाला भला मोठा फलक, ‘संवेदनशील पोलीस’. वर साहेबांचा हात जोडलेला फोटो आणि खाली रंगीत चौकटींत बाईंच्याच सूचना. मंडळीचं नाव नाही. पाच सूचनांच्या चार झालेल्या. फलकवाल्यानं सांगितलं, चौकटी चारच बसत होत्या, म्हणून पहिली काढली. पहिली म्हणजे ‘आधी पाणी द्या’. थू! मला माझ्या नोकरीत इतकी शिसारी कधी आली नव्हती. आणि आली तरी मी काय केलं? खुर्च्या लावल्या.

बाईंचा सत्कार ठेवला होता. त्या थकल्या होत्या, छत्रीचा आता काठीसारखा उपयोग व्हायचा. पाचोडला भावाकडं परत गेलेल्या कौसाबाईला बरोबर घेऊन आल्या होत्या. ती शेवटच्या रांगेत बसली. साहेबांनी शाल घातली. बाईंनी ती काढून नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि माईकजवळ जाऊन फलकाकडं बोट केलं. “पहिली ओळ राहिली,” म्हणाल्या. एवढंच भाषण. मग टेबलावरच्या पाहुण्यांच्या पाण्याच्या बाटल्या एकेक करून पिशवीत भरल्या, साहेबांच्या पुढ्यातलीसुद्धा, आणि खाली उतरून आवारात उभ्या असलेल्या नव्या गाडीत मागच्या बाकावर नेऊन ठेवल्या. लोकांना वाटलं म्हातारी भ्रमिष्ट झाली. काही जण हसले.

तिथून त्या माझ्याकडं आल्या. मी भिंतीला टेकून उभा होतो. प्रश्नाची वाट बघत होतो. त्या दिवशी बाईंनी प्रश्न विचारला नाही. पिशवीतून तांब्या काढला, फिरकी सोडली आणि माझ्या हातात दिला.

“पाणी प्या, जमादार. घाई नाही.”

मी प्यायलो. शर्ट भिजला. पाणी संपल्यावर माझ्या तोंडून गेलं, “कुलूप होतं, बाई. किल्ली माझ्याकडं होती. त्यानं मागितलं. मी दिलं नाही.”

बाईंनी डोळे मिटले. क्षणभर वाटलं, आता खांद्यावर हात ठेवतील. त्या म्हणाल्या, “मला काय सांगताय? ती तिथं बसलीय,” आणि छत्रीनं शेवटच्या रांगेकडं दाखवलं.

मी बघितलं. कौसाबाई पदर तोंडाशी धरून माझ्याकडंच बघत होती. तीस पावलं असतील. मी पहिलं पाऊल टाकलं असेन नसेन, तोच साहेबांनी हाक मारली, “ए जमादार, फोटोला या! समदा स्टाफ पाहिजे!”

मी फोटोला गेलो.

तो फोटो माझ्या घरी आहे, रिटायर होताना फ्रेम करून दिला. सगळे ताठ उभे. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा मी, हातात पितळेचा तांब्या, परत द्यायचा राहून गेलेला. आणि अगदी कडेला, फाटकापाशी, पाठमोऱ्या दोन बायका. एकीच्या हातात काळी छत्री आहे आणि दुसरीनं तिला धरलंय. बाई मला दिसल्या त्या शेवटच्या. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी अकराला फाटकात कुणी आलं नाही, आणि सहा दिवसांनी शिंपीदादा बाईंच्या मातीचं सांगायला आले.

तांब्या मी रोज घासतो आणि भरून ठेवतो. पाचोडला बस सव्वा तासात पोचवते. मी अजून गेलेलो नाही.